काच

गोदामात ऊन येतं सकाळी नऊला,
तेही अर्धा तास, एकाच झरोक्यातून.
तेवढ्यात तिला नुसती पाहून घेते.
मग दिवसभर दिवा, आडवा धरलेला,
दगडाला जवळजवळ टेकवून,
म्हणजे जे बुजलंय ते वर येतं.

क्रमांक तीनशे बारा.
नाक्सोसचाच संगमरवर, भरड, खडीसाखरेसारखा.
डोकं नाही. म्हणजे ते हसूही नाही
ज्याच्यासाठी लोक तिकीट काढतात.
उजवा हात खांद्यापासून नाही.
घोट्यांखाली काही नाही.
डावा हात आहे
आणि मुठीत निऱ्या,
चालताना पायात येऊ नयेत म्हणून उचललेल्या.
पाय गेले,
मूठ सोडलेली नाही.

तिसऱ्या निरीपर्यंत कोरणाऱ्याला घाई नव्हती.
चौथीपाशी छिन्नी घसरली.
त्यानं कड जराशी आत घेतली, चूक झाकायला.
अडीच हजार वर्षं झाकलीही गेली.
मला सापडली तेव्हा एकटीच हसले,
आईच्या भरतकामात चुकलेला टाका सापडावा तशी.
काखेत, पाऊस पोचला नाही तिथे,
लाल रंग. मसुराच्या डाळीएवढा.

पाठ मात्र वेगळीच गोष्ट सांगते.
कुणीतरी तिला पालथी घातली, विहिरीच्या काठाला.
डोकं मापात बसत नव्हतं, फोडलं असावं.
तोंडघशी पडली म्हणून पुढची बाजू वाचली.
पाठीवर अकरा खाचा, दोराच्या.
मी मोजल्या: निऱ्या नऊ मिलिमीटर खोल,
दोराचा काच सव्वीस.

सारांदिस पहारेकरी. पुढच्या वर्षी निवृत्त होतो.
कॉफी आत आणायची परवानगी नाही,
म्हणून उंबऱ्यावर कप धरून उभा राहतो
आणि मी उंबऱ्याशी जाऊन पिते.
त्या दिवशी दिवा पाठीवर होता.
त्यानं कप जमिनीवर ठेवला,
आत आला, न विचारता,
आणि डावीकडून सातव्या खाचेत अंगठा घातला.
बरोबर बसला.

'आमच्या घराची ही,' म्हणाला.
'प्रत्येक घराची ठरलेली होती.
ही शेजारची कालिरोईची.
कुंपणावरून तिचं न् आईचं बिनसलं,
सोळा वर्षं बोलल्या नाहीत.
पाणी मात्र शेजारीशेजारी ओढायच्या.'
खाली बाई आहे हे ठाऊक होतं का, मी विचारलं.
'पोरं हात घालून चाचपायचो खालून.
गुडघे लागायचे.
आई ओरडायची, तिला लाज असते म्हणून.'

अथेन्सहून आलेल्या छापील तक्त्यात
या सगळ्यासाठी एकच रकाना: हानी.
डोकं, हात, पावलं, लिहून झालं.
खाचांपाशी पेन्सिल थांबली.
लांबी लिहिली. खोली लिहिली.
कारण: पाणी.
खोडलं. कारण: दोर.
खोडलेलं अजून वाचता येतं.

गुरुवारी सातवी खाच साफ करताना
कापसाच्या बोळ्याला एक केस चिकटून आला, काळा, राठ.
बकरीचा, सारांदिसनं उंबऱ्यावरूनच सांगितलं.
दोर त्याचेच वळायचे, भिजला की हात सोलून काढायचा.
पिशवीत घातला. पिशवीवर काय लिहायचं
ते अजून ठरलेलं नाही.

संचालकबाई म्हणतात, वरच्या दालनात,
खिडकीजवळ, पाठ भिंतीकडे करून.
'काच लावणार?' त्यानं विचारलं.
लावणार.
'मग ती पुसणार कोण,' एवढंच म्हणाला
आणि कप उचलून गाळ बघत राहिला.

साडेनऊ वाजले.
ऊन मुठीवरून सरकून
खोक्यांवर गेलं.